पाण्यातलं काळं

बिरोबावस्ती, मंगळवेढ्याजवळ
२६ ऑगस्ट २०२४

सौ. प्रियदर्शनी विहीणबाईंना मायाक्काचा नमस्कार.

परवा फोनवर तुमचा आवाज चढला, मग माझाही चढला, आणि शेवटी फोन कुणी ठेवला ते मला अजून कळलेलं नाही. मी ठेवला असेन तर माफ करा आणि तुम्ही ठेवला असेल तर मी माफ केलं. आपल्या दोघींना फोनवर धड बोलता येत नाही, हे साखरपुड्याच्या वेळी हॉलवरून झालं तेव्हाच सगळ्या पाहुण्यांना कळलं होतं. म्हणून वही फाडून कागद घेतला. कागदावर कुणाला मध्येच तोंड घालता येत नाही. अजिनाथ व्याही एसटी घेऊन फाट्यावरून जातातच, त्यांच्याच हाती हे देते. काल त्यांना विचारलं की घरात नेमकं काय चाललंय, तर म्हणाले, "माझ्या हातात स्टेरिंग हाय, तेवढंच मला कळतंय." जावयाच्या आईपुढं बायकोविषयी बोलायचं नाही एवढं शहाणपण त्यांना आहे.

आता मुद्द्याचं. नातवाचा सव्वा महिना होऊन गेला. बारशाला मांडीवर घेतला तेवढाच. आमच्यात पद्धत अशी, की सून बाळ घेऊन आली की उंबरा ओलांडायच्या आधी विहिरीवर जाते. काठावर सात आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, सात खडे मांडायचे, त्यांना हळदीकुंकू लावायचं, तिनं स्वतः एक कळशी शेंदायची आणि त्या पाण्यानं बाळाचे पाय धुवायचे. मग बाळ घरात. मीही तशीच आले, माझी सासूही तशीच आली. पितृपक्ष लागायच्या आत सुकन्या बाळाला घेऊन यावी असं मला वाटतं. तुमचा जावई बिरुदेव बोलत नाही, पण मेंढरं सोडताना सुद्धा फोनमधला फोटो बघत असतो.

आणि तुम्ही म्हणालात, तुमच्या विहिरीचं पाणी म्हणजे विष. विहीणबाई, ते रागाच्या भरात म्हणालात की काही पाहून म्हणालात? तेच पाणी पिऊन माझी सासू शेवटपर्यंत काठी न घेता रानात जात होती. काय ते सरळ लिहा.

तुमची विहीण,
मायाक्का

सोलापूर
३० ऑगस्ट २०२४

मायाक्का विहीणबाई यांस नमस्कार.

तुम्ही सरळ लिहा म्हणालात, म्हणून सरळ लिहिते. वाचायला कडू लागेल.

इथं आमच्याकडं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं, ते तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही ते पाहुण्यांसमोर सांगतही असता. पाणी साठवून ठेवावं लागतं, म्हणून घरात बाळ आल्यावर मी पाण्याचा फिल्टर घ्यायचं ठरवलं. एक माणूस दाखवायला आला. त्यानं पिशवीतून एक यंत्र काढलं. लहानशी डबी, खाली लोखंडाच्या सळया लोंबत असलेली. दोन ग्लास मांडले. एकात त्याच्या फिल्टरचं पाणी, एकात आमच्या नळाचं. सळया दोन्हींत बुडवल्या आणि बटण दाबलं. फिल्टरचं पाणी होतं तसंच राहिलं, किंचित पिवळट झालं असेल. आमचं मात्र आधी पिवळं, मग हिरवं झालं आणि वर घाण तरंगायला लागली. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, कापडातला दोष मला चार हातांवरून दिसतो. हा तर नाकासमोर दिसत होता.

मग मला तुमची बाटली आठवली. सुकन्याला बाळंतपणाला पाठवलीत तेव्हा, पाणी बदललं तर तिला बाधेल म्हणून तुम्ही विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या दिल्या होत्या. त्यातली एक फडताळात शिल्लक होती. ती मी त्या माणसापुढं ठेवली. त्यानं बटण दाबलं. विहीणबाई, आमचं पाणी हिरवं झालं होतं, तुमचं काळं झालं. ग्लासाच्या पलीकडचं बोट दिसेना. तो माणूस म्हणाला, "ताई, हे रोज कोण पितं?" फिल्टर घेतला आणि भांडून ते यंत्रही ठेवून घेतलं.

कोण पितं ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिला तिसरा महिना होता, तेव्हाही ती हेच पाणी पीत होती. ते राहिलं नाही. तेव्हा आपण दोघींनी नशिबाला बोल लावला आणि गप्प बसलो. आता मला नशीब एका ग्लासात दिसलं आहे.

मी सुकन्याला पाठवणार नाही. बाळाला तर नाहीच. तुमची पद्धत मोडते याचं मला वाईट वाटतं, पण त्या पाण्यानं माझ्या नातवाचे पाय धुतलेले मला बघवणार नाही.

प्रियदर्शनी

बिरोबावस्ती
८ सप्टेंबर २०२४

विहीणबाई,

तुमचं पत्र मी मेंढवाड्यात बसून वाचलं, कारण घरात बिरुदेव होता. मग त्यानंही वाचलं. लपवलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून तो विहिरीच्या पाण्याला शिवत नाही. मोटारसायकलवरून बाजारातला पाण्याचा जार आणतो, आणि माझ्यापुढंही त्यातलाच पेला ठेवतो. तोंडानं एक शब्द नाही. पोरगं आपल्याकडं बघत नाही हे काय असतं ते तुम्हाला ठाऊक नसावं, आणि ठाऊक व्हायलाही नको.

ते पहिलं गेलं तेव्हा मी काय केलं, काय नाही, ते मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही आणि आताही सांगत नाही. पण माझ्या हातून तिला विष पाजलं गेलं, असं कुणी लिहून पाठवेल असं वाटलं नव्हतं.

भांडायचं नाही म्हणून कागद घेतला होता, तेव्हा भांडत नाही. गणपती बसले आहेत, चांगल्या दिवसांत वाईट बोलू नये. सोबत एक बाटली पाठवते आहे. झाकणाला हिरवा दोरा बांधला आहे. हे आमच्याकडचंच पाणी आहे, पण वेगळं. तुमच्या यंत्रात घालून बघा. काय दिसतं ते खरं खरं लिहा. हे पाणी कुठलं ते तुमचं उत्तर आल्यावर सांगेन.

मायाक्का

सोलापूर
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय मायाक्का विहीणबाई,

आज किती हलकं वाटतंय ते कसं लिहू.

तुमची हिरव्या दोऱ्याची बाटली ह्यांनी आणून दिली. मी बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. उघडले तर पाणी नितळ. मला खरं वाटेना, म्हणून अजून थोडा वेळ थांबले. नितळच. फिल्टरचं पाणी सुद्धा जरा पिवळट होतं, तुमचं तितकंही झालं नाही. धाकटी अक्षता कॉलेजातून आली तेव्हा तिलाही करून दाखवलं. ती काहीतरी आयनबियन बडबडायला लागली होती. तिला म्हटलं, अकरावीच्या पोरींनी जरा गप्प बसावं.

तुम्ही सांगितलं नाहीत, पण मी ओळखलं. नवी बोअर मारलीत ना? की विहिरीचा गाळ काढलात? आमच्यासाठी एवढं केलंत आणि तोंडानं सांगितलंही नाहीत, उलट मी काय काय लिहून बसले. माझा स्वभावच तसा, काढला कोयता आणि घातला उसावर.

आता ऐका. पितृपक्ष चार दिवसांवर आला, तेव्हा तो संपू दे. घट बसले की सुकन्या आणि बाळ तुमच्याकडं. मी स्वतः आणून सोडेन. ती मागच्या खोलीत बाळाला थोपटत होती, तिला जाऊन सांगितलं. संध्याकाळी तिनं बॅग खाली काढून पुसून ठेवली.

विश्वास बसला म्हणून मी तुमचं पाणी चांगलं तांब्याभर प्यायले. गोड लागलं हो, जिभेवर खारटपणा अजिबात नाही. सुकन्यालाही उद्यापासून हेच देते, म्हणजे तिला सवय होईल.

तुमची,
प्रियदर्शनी

बिरोबावस्ती
१५ सप्टेंबर २०२४

विहीणबाई,

व्याह्यांनी फाट्यावर पत्र दिलं, मी तिथंच फोडलं आणि तिथूनच तुम्हाला फोन लावला. "ते पाणी ओता, सुकन्याला देऊ नका," एवढंच बोलता आलं. तुम्ही "तिनं अजून घोटभरही घेतलं नाही, पण का?" म्हणालात आणि मला रडू आलं, म्हणून ठेवला. या वेळी मीच ठेवला. आता सगळं लिहिते.

सुकन्यानं घोटभरही घेतलं नाही म्हणालात, ते ऐकून जीव भांड्यात पडला.

ते पाणी बोअरचं नाही आणि विहिरीचंही नाही. मेंढवाड्याच्या पत्र्याची पागोळी जिथं गळते तिथं एक जुना ड्रम आहे. पावसाचं पाणी त्यात साठतं. पत्र्यावर कबुतरं बसतात. मेंढरं त्यात तोंड घालतात. ज्या दिवशी बाटली भरली त्या दिवशी त्यात एक पाल मरून पडली होती, ती मी काडीनं बाजूला सारली. मला रागाच्या भरात एवढंच बघायचं होतं, की माझ्या विहिरीला विष म्हणणारं तुमचं यंत्र या पाण्याला काय म्हणतं. ते काळं झालं असतं तर मी गप्प बसले असते. नाही झालं तर तुम्हाला हसून सांगणार होते. पण तुम्ही ते प्याल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तपासायला पाठवलेलं कोण पितं हो? पण "पिऊ नका" हे दोन शब्द मी लिहिले नाहीत, ही चूक माझीच. अकलेला झाकण नव्हतं, बाटलीला तेवढं होतं.

पोट दुखतंय का? काही झालं तर मला माझं तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माझे दीर धुळाभावजी उद्या बाजाराला सोलापुरात येतील, त्यांना घरी पाठवते. त्यांच्याजवळ काय असेल ते सांगा. शिव्या असतील तर त्याही द्या.

मायाक्का

सोलापूर
२२ सप्टेंबर २०२४

मायाक्का विहीणबाई,

धुळाभाऊंनी सांगितलंच असेल, मी जिवंत आहे. दोन दिवस पोटानं मला घरातल्या घरात सोलापूर ते मंगळवेढा फेऱ्या मारायला लावल्या. ह्यांनी एवढी वर्षं एसटी चालवली, तेवढ्या फेऱ्या मी त्या दोन दिवसांत केल्या. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि मीठ-साखरेच्या पाण्याची ती पाकिटं दिली, घोट घोट प्यायला सांगितलं. सुकन्या आणि बाळ ठणठणीत आहेत, हे आधी वाचून घ्या आणि मग पुढं वाचा.

पहिले दोन दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हणाले ते लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी पलंगावर बसून ते पाकिटाचं पाणी पीत होते आणि समोर फडताळात ते यंत्र दिसत होतं. मनात आलं, ज्या पाण्याला यानं शाबासकी दिली त्या पाण्यानं मला आडवं केलं. मग ज्या पाण्यानं मला उठवलं, त्याला हे काय म्हणतं ते बघू. ग्लासात सळया बुडवल्या आणि बटण दाबलं. विहीणबाई, बटण दाबल्या दाबल्या काळं. तुमच्या विहिरीपेक्षा काळं. दुकानात पोराबाळांना जीव वाचवायला देतात ते औषध, आणि यंत्राच्या लेखी ते गटार.

मी अक्षताला हाक मारली. म्हटलं, आता बोल, त्या दिवशी काय बडबडत होतीस. ती फुगली होती, आधी माझ्याकडून "चुकले" म्हणून घेतलं आणि मग बोलली. तिनं आधी मला सळया बघायला लावल्या. इतके दिवस मी पाण्याकडं बघत होते, सळयांकडं बघितलंच नव्हतं. एक सळई होती तशी जाड, दुसरी मात्र झिजून बारीक झालेली, टोकाला तर खाल्ल्यासारखी. "आई, पाण्यात उतरलंय ते हेच," ती म्हणाली.

मला समजलं तसं तुम्हाला सांगते. निव्वळ पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. पाण्यात मीठ, चुना, असले क्षार विरघळलेले असले की त्यांचे अगदी बारीक, विजेचा भार असलेले कण होतात. सळयांना वीज जोडली की काही कण एका सळईकडं जातात, उरलेले दुसरीकडं, आणि त्यांच्या या चालण्यानंच पाण्यातून वीज वाहते. धन टोकाला जी सळई जोडलेली असते तिचं लोखंड सुटून पाण्यात उतरतं, आणि त्याचाच तो हिरवा-काळा गाळ होतो. गंजाचा भाऊ म्हणा. दुसऱ्या सळईवर नुसते बुडबुडे येतात, तो वायू. याला विद्युत अपघटन म्हणतात, तिच्या पुस्तकात आहे. क्षार जास्त तर वीज जास्त, वीज जास्त तर लोखंड जास्त सुटणार. तुमची विहीर खारी, म्हणून जास्त काळं झालं. पावसाच्या पाण्यात क्षार नाहीत, म्हणून ते नितळ राहिलं. कबुतराची घाण आणि पालीचे जंतू काही लोखंड सोडवत बसत नाहीत, त्यामुळं यंत्राला ते दिसतच नाहीत. माझ्या पोटाला दिसले.

तरी मी म्हटलं, हे तुझं पुस्तकातलं झालं, मला डोळ्यांनी दाखव. प्लगला काही जोडायचं नाही अशी तिनं मला तंबी दिली आणि ती चौकोनी बॅटरी आणली. तुमच्या विहिरीचं पाणी बाटलीच्या तळाला उरलं होतं, ते तिनं दोन वाट्यांत घातलं. एका वाटीत बॅटरीला जोडलेले दोन लोखंडी खिळे सोडले. दुसरीत खिळ्यांऐवजी दोन्हीकडून तासलेल्या दोन पेन्सिली. पाणी तेच, बॅटरी तीच. खिळ्यांची वाटी आधी पिवळी झाली, मग तिला काळसर गाळ आला. पेन्सिलींच्या वाटीत शिशाच्या टोकांवर बुडबुडे येत राहिले आणि पाणी स्वच्छ. मी वाकून वाकून बघितलं. काळं पाण्यात असतं तर दोन्ही वाट्यांत दिसलं असतं ना? सुकन्या बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. अक्षता तिला म्हणाली, "ताई, नऊ महिने तुला लोहाच्या गोळ्या चारल्या, आणि आईनं ग्लासात लोह बघून घर डोक्यावर घेतलं."

सुकन्या हसली नाही. ती म्हणाली, "म्हणजे ते पाण्यानं न्हवतं." आणि तिथंच खाली बसली.

विहीणबाई, मी इतके दिवस पाण्याबद्दल बोलत होते, आणि माझी पोर दोन वर्षं मनात काय घेऊन फिरत होती ते मला त्या क्षणी कळलं. तिला वाटत होतं की आपणच काहीतरी खाल्लं, काहीतरी प्यायलो, काहीतरी उचललं. मी ते काळं दाखवल्यावर तिला उलट बरं वाटलं असावं, की आपण नाही, पाणी होतं. आता पाणीही नाही. मग मी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेले आणि दोन वर्षांपूर्वी जे विचारायला हवं होतं ते आता विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या लवकर जे राहत नाही, त्यात बहुतेक वेळा जीवच नीट जुळून आलेला नसतो. कुणाच्या खाण्यापिण्यानं किंवा चालण्याफिरण्यानं ते होत नाही. कुणाचाच दोष नाही. सुकन्यानं तेच पुन्हा विचारलं, त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. घरी येताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मी तुम्हाला विष पाजणारी म्हणाले. मला कुणाला तरी दोष द्यायचा होता आणि तुमची बाटली फडताळात सापडली. मी चुकले. तुम्ही मला पालीचं पाणी पाजलंत, तेव्हा फिटंफाट झाली म्हणा.

प्रियदर्शनी

बिरोबावस्ती
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय विहीणबाई,

तुमचं पत्र मी बिरुदेवला मोठ्यानं वाचायला लावलं. मध्ये दोनदा थांबला. शेवटी पत्र माझ्या हातात दिलं आणि विहिरीकडं गेला. मी दारातून बघत होते. त्यानं बादली सोडली, ओढली, आणि ओंजळीनं प्यायला. पोट भरेपर्यंत प्यायला. मग तोंड पुसत म्हणाला, "आये, खारट हाय गं."

मी म्हटलं, "व्हय, खारटच हाय. पयल्यापासनं."

एवढंच बोललो आम्ही, पण महिन्याभरात माझ्या तोंडाकडं बघून तो पहिल्यांदाच बोलला. मी चुलीपुढं जाऊन बसले आणि भाकरी करपली तरी उठले नाही. जार आता मेंढवाड्यात पडला आहे, कोकरांना.

तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही लिहिते. तुमचं ते पहिलं पत्र आल्यावर मी वरून कितीही ताठ राहिले, तरी विहिरीचं पाणी पिताना डोळे मिटून पीत होते. ड्रमची बाटली पाठवली ती नुसत्या रागानं नाही. मला तुमचं यंत्र खोटं पडायला हवं होतं. ते खरं असतं तर मी या घरात कशी राहिले असते? साप साप म्हणून भुई धोपटली आपण, पण साप नव्हता हे कळल्यावर जे वाटतं ते मी कुठल्या देवाला सांगू.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं आमच्यात म्हणतात. तुमच्या अक्षतानं दाखवलं की कधी कधी पोहराच झिजून पाण्यात उतरतो. तिला म्हणावं, परीक्षा झाली की सुट्टीला इकडंच ये, इथल्या बायकांनाही त्या दोन वाट्या दाखव. मागच्या बाजारात तसलाच एक माणूस सळया घेऊन बसला होता आणि बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या.

तरी तुमची काळजी अगदीच वाया गेली असं नाही. ग्रामपंचायतीतून बाटली तपासणीला पाठवली होती, त्याचं उत्तर आलं. क्षार जास्त आहेत, पण पिण्याजोगं आहे. औषध टाकून, गाळून, उकळून प्यावं म्हणतात. बिरुदेवनं विहिरीवर जाळी बसवली आणि ड्रमला झाकण केलं. बाळंतिणीसाठी रोज उकळून ठेवेन. डाळ मात्र आमच्या पाण्यात लवकर शिजत नाही, ते मी आधीच कबूल करते, म्हणजे पुढं त्यावर पत्र नको.

घट बसल्यावर या. चार दिवस राहायच्या तयारीनं या. इकडं पाणी रोज असतं.

तुमची,
मायाक्का

सोलापूर
१५ ऑक्टोबर २०२४

प्रिय मायाक्का,

विहीणबाई लिहायचं आज जिवावर आलं. तुमच्याकडं राहून आल्यापासून नावानंच तोंडात येतं. रागावू नका.

घरी आले तर घर फार मोठं वाटतंय. वळणीवर दुपटी नाहीत. ह्यांनी आल्या आल्या विचारलं, आता पत्रं बंद का. म्हटलं, तुम्हाला काय करायचंय, तुम्ही गाडी चालवा. त्या फिल्टरवाल्याला फोन करून मी त्याच्या सळयांबद्दल बोलले, तर म्हणाला, "ताई, कंपनी सांगते तसं आम्ही करतो." फिल्टर वापरतेय, साठवलेल्या पाण्याला तो बराच आहे. यंत्रातल्या सळया काढून टाकल्या.

तोंडानं जे बोलता आलं नाही त्यासाठी हे पत्र. विहिरीवर सुकन्या उतरली, तिनं बादली ओढली, तुम्ही बाळाचे पाय धुतलेत आणि गार पाण्यानं तो बोंबलला, तेव्हा सगळे हसले. मीही हसले. मला भीती वाटेल असं वाटलं होतं, पण वाटली नाही. तुम्ही मला पेला दिलात तेव्हा तो मी डोळे उघडे ठेवून प्यायले. खारट आहे, मान्य.

पण मी खाली बसून खडे बघत होते. तुम्ही लिहिलं होतं, सात आसरांचे सात खडे. मी मोजायला नको होते, पण सवय आहे, कारखान्यात दिवसभर बटणं मोजते. आठ होते. सात एका ओळीत, आणि कडेला थोड्या अंतरावर एक लहानसा, पांढरा. त्यालाही हळदीकुंकू लावलेलं होतं. तो कुणाचा ते मला कळलं. तुम्ही त्याला विसरला नव्हता आणि कुणाला दाखवतही नव्हता. माझ्या त्या पहिल्या पत्राला उत्तर देताना, ते गेलं तेव्हा काय केलं ते सांगत नाही असं तुम्ही लिहिलं होतं, ते हेच असावं. त्या बाळाचं कुणी काही केलं नाही असंच मला दोन वर्षं वाटत होतं. तुमच्या विहिरीवर त्याला जागा आहे हे बघून मला फार बरं वाटलं. तो खडा ठेवल्याबद्दल तुमच्या पाया पडते.

तुमची,
प्रियदर्शनी

बिरोबावस्ती
१९ ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रियदर्शनी,

नावानं लिहिलंस ते बरं केलंस, मीही आता अगंतुगं करते.

बाळ खुशाल आहे, दिवसा झोपतं. सुकन्येचा घसा इथल्या पाण्यानं दोन दिवस धरला होता, आता मोकळा आहे. काल ती मेंढरांमागं बांधापर्यंत जाऊन आली आणि येताना गाणं म्हणत होती, असं धुळाभावजी सांगत होते.

दोन वर्षांपूर्वी मी काय केलं ते आता सांगते. काहीच केलं नाही. ती दिवसभर विहिरीच्या काठावर बसून असायची आणि मी लांबून बघायचे, जवळ जाऊन काय बोलावं ते मला सुचलं नाही. म्हणून सांगत नव्हते.

त्यामुळं माझ्या पाया पडू नकोस. आठवा खडा मी ठेवलेला नाही, सुकन्यानं ठेवला. कनवटीला बांधून सोलापुराहून आणला होता. तुझं लक्ष बाळाकडं होतं तेव्हा, ओळीत ठेवावा की नाही, असं तिनं माझ्याकडं बघून विचारलं, तोंडानं नाही. मी फक्त कुंकवाचा करंडा तिच्याकडं सरकवला.

तुझी,
मायाक्का